तिसऱ्या परिच्छेदातलं वाक्य

मी एक स्थळप्रत बोलतेय. नाव भारदस्त आहे, पण मी म्हणजे मागे राहिलेला कागद. कचेरीतून पत्र बाहेर पडतं तेव्हा त्याची एक प्रत फाईलीत ठेवतात, ती मी. पत्राला पाकीट मिळतं, तिकीट मिळतं, प्रवास घडतो आणि शेवटी कुणीतरी ते उघडून वाचतं. आम्हाला पंचिंगची दोन भोकं मिळतात आणि त्यांतून ओवलेली दोरी.

माझा जन्म दुपारच्या चहाच्या जरा आधी टाइपरायटरमध्ये झाला. वर जाड पांढरा कागद, मध्ये निळा कार्बन आणि खाली मी, पातळ, पिवळसर, फुंकर मारली तर टेबलावरून उडून जाईन अशी. वरच्या कागदावर ठोका पडला की तो कार्बनमधून माझ्या अंगावर उतरायचा. तो वरचा कागद म्हणजे माझी जुळी बहीण. आम्ही दोघी अक्षर न् अक्षर सारख्या. फरक एवढाच, की तिच्यावर साहेबांनी शाईने झोकदार सही केली आणि माझ्यावर नुसतं 'सही' लिहून पुढे रेघ मारली.

मग तिच्या घड्या झाल्या, ती पाकिटात शिरली, शिपायाने गोंद लावून वरून मूठ फिरवली. मी तेव्हा टेबलावर उपडी पडले होते, तिचा निरोपही नीट घेता आला नाही. त्यानंतर ती मला दिसली नाही. कुठे पोचली असेल, कुणी उघडली असेल, हाच विचार माझ्या आयुष्याला पुरला.

आमचा कारखाना लाँड्रीत लागणारी, वाफेवर चालणारी इस्त्रीची मशीनं बनवायचा. पत्रव्यवहार विभाग म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली. तिच्यात दोन टेबलं, तीन कपाटं आणि एक खिडकी होती, खिडकीखाली ट्रकमध्ये माल चढवायचा धक्का. एका टेबलाशी बाई बसायच्या, ज्यांनी मला टाइप केलं. कारखान्यातून जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातचं, म्हणून सगळे त्यांना पत्रबाई म्हणत. दुसऱ्या टेबलाशी हेडक्लार्क. त्यांचं पाठीमागचं नाव स्वल्पविराम काका, कारण त्यांच्या हाती लागलेलं वाक्य लवकर संपत नसे.

या खोलीत पत्र लिहायची एक पद्धत होती, थोरल्या मालकांनी घालून दिलेली. पहिल्या परिच्छेदात क्षेमकुशल, दुसऱ्यात ग्राहकाचं कौतुक, तिसऱ्यात काम आणि चौथ्यात 'लोभ असावा'. थोरले मालक तरुणपणी सायकल मारत लाँड्रीमागून लाँड्री पालथी घालायचे. आधी दुकानदाराच्या आईची तब्येत विचारायची, पोरांची शाळा विचारायची, मग मशीनची गोष्ट काढायची. त्यांना त्या आईची खरोखर काळजी असायची, म्हणून त्यांना ते शोभून दिसायचं. ते गेले आणि मागे उरलं ते नमनाला घडाभर तेल. आई आहे की नाही हेही माहीत नसताना आम्ही तिला उदंड आयुष्य चिंतायचो.

एके दिवशी तपासणी विभागातून एक चिठ्ठी आली. तिच्यावर ग्रीसने माखलेला अंगठा उमटला होता आणि दोन ओळी होत्या. 'या खेपेतला व्हॉल्व्ह अडकतो, वाफ अंगावर येऊ शकते. बदलून देईपर्यंत मशीन चालवू नका असं सगळ्यांना कळवा.' ही चिठ्ठी पुढे माझ्या शेजारीच दोरीत ओवली गेली, म्हणून मला तोंडपाठ आहे. तीच पाकिटात घालून पाठवली असती तर मला आज सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि बाईंना म्हणाले, "कळवायला तर हवंच. पण लोक घाबरतील असं लिहू नका. आपल्या मालाला बाजारात नाव आहे."

बाईंनी मसुदा केला. पहिले दोन परिच्छेद नेहमीचे. 'आपल्यासारखे जाणकार आणि निष्ठावान ग्राहक हीच आमच्या कारखान्याची खरी मिळकत आहे' वगैरे. तिसऱ्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं, 'यंत्रातील दाबनियंत्रक झडपेच्या कार्यक्षमतेत विशिष्ट परिस्थितीत न्यूनता संभवत असल्याने आपल्या सोयीनुसार तिची तपासणी करून घेणे इष्ट ठरेल.' काकांनी त्यात दोन स्वल्पविराम घातले आणि मान डोलावली.

"वा, काय वाक्य जमलंय. वाईट बातमी आहे हे वाचणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

बाई खुदकन हसल्या. खोटं कशाला बोलू, त्यांना ते वाक्य आवडलं होतं. मलाही आवडलं होतं. अंगावर उतरताना ते भरजरी वाटत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार आहे, हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

त्या खेपेची मशीनं एक्केचाळीस लाँड्र्यांत गेली होती, म्हणून पत्रंही एक्केचाळीस. वरचं नाव आणि पत्ता तेवढा बदलायचा, बाकी मजकूर तोच. माझी बहीण सतरावी. तिच्या माथ्यावर एका लाँड्रीवाल्यांचं नाव होतं. त्यांच्याबद्दल आम्हाला नाव आणि पत्त्यापलीकडे काही माहीत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

पत्र गेलं की आम्ही स्थळप्रती उत्तराची वाट बघतो. उत्तर आलं की ते आमच्या शेजारी ओवतात, आणि बाहेरच्या जगाची काय ती खबर आम्हाला त्याच्याकडूनच मिळते. महिना गेला तरी एकाचंही उत्तर आलं नाही. एक्केचाळीस जणांपैकी एकानेही व्हॉल्व्ह तपासायला कारागीर मागवला नाही.

"उत्तर नाही म्हणजे तक्रार नाही," काका म्हणाले आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

पाचव्या आठवड्यात एक पाकीट आलं. आत वहीचं फाडलेलं पान, पेन्सिलीने आखून त्यावर लिहिलेलं. सतराव्या पत्राच्या लाँड्रीवाल्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी लिहिलं होतं. 'तुमचं पत्र आलं तेव्हा आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. कंपनीने एवढं कौतुक केलं म्हणून यांनी ते त्याच दिवशी फ्रेम करून आणलं आणि गिऱ्हाइकांना दिसेल असं भिंतीवर लावलं. बारा दिवसांनी मशीनमधून वाफ आली आणि यांचा उजवा हात भाजला. दोन बोटं आता वळत नाहीत. काल यांची भाची आली होती. तिने भिंतीवरचं पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, मामी, यात तर व्हॉल्व्ह तपासायला सांगितलंय. यांनी वरचं वाचलं होतं, खालचं जड होतं म्हणून सोडून दिलं. आता दिवसभर म्हणतात, चूक माझीच. चूक आमची आहे का तुमची, ते कळवा. आम्हाला बाकी काही नको.'

बाईंनी ते पान उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढून, बसून पुन्हा वाचलं. मग कपाटातून फाईल काढली, माझ्यापर्यंत पानं उलटली आणि माझा तिसरा परिच्छेद त्या हलक्या आवाजात वाचू लागल्या. निम्म्यावर वाक्याचं टोक हरवलं, तेव्हा पुन्हा पहिल्या शब्दापासून.

माझी बहीण भिंतीवर आहे, हे मला असं कळलं. इतके दिवस ती कुठे आहे या विचाराने मी झुरत होते, आणि कळलं ते हे. धोक्याची सूचना सांगायला गेलेली माझी बहीण फ्रेममध्ये बसून शोभेची झाली होती, आणि तिच्यासमोर, चार हातांवर, तो हात भाजला होता.

"काका, हे बघा," बाई म्हणाल्या. "वहीचं एवढंसं पान. पण काय झालं, कुणाला झालं, आपल्याकडून काय हवंय, सगळं आहे. मी चौदा वर्षं हेच काम करतेय, आणि मला हे जमलं नाही."

"तुम्ही कळवलं होतं, बाई," काका म्हणाले. त्यांना धीर द्यायचा होता, पण ते वाक्य बाईंना झोंबलं. त्यांनी मला दोरीतून सोडवलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. जाताना दारातल्या शिपायालाही आत बोलावलं. शिपाई दहावी शिकलेला, रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणारा गडी.

"हे वाच आणि सांग काय लिहिलंय," बाई म्हणाल्या.

शिपायाने मला दोन्ही हातांत धरून वाचलं. "आपली गिऱ्हाइकं फार चांगली आहेत, असं लिहिलंय."

"आणि त्यांना काय करायला सांगितलंय?"

त्याने पुन्हा माझ्या माथ्यापासून तळापर्यंत नजर फिरवली. साहेब समोर बसलेले, तेव्हा चुकून चालणार नव्हतं. "लोभ ठेवायला सांगितलंय, बाई."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं, टेबलावरचं पेन उचललं, पुन्हा ठेवलं.

"उरलेल्या चाळीस जणांकडे मशीन अजून चालू आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "आज पत्र जायला हवं. आणि काम पहिल्या ओळीत."

"पण थोरल्या मालकांची पद्धत..." काका मागून आले होते, ते दारातूनच म्हणाले.

"थोरले मालक असते ना काका, तर पत्र लिहीत बसले नसते. स्वतः जाऊन चाळीस मशीनं बंद करून आले असते."

त्या दिवशी खोलीतल्या दोन्ही टाइपरायटरनी उसंत घेतली नाही. काकांनीही बाह्या सरसावल्या आणि पहिल्यांदाच एकही स्वल्पविराम न घालता टाइप केलं. 'हे पत्र वाचताक्षणी इस्त्रीचं मशीन बंद करा. त्याचा व्हॉल्व्ह अडकतो आणि वाफेने माणूस भाजू शकतो. आमचा कारागीर येऊन तो बदलून जाईल, तोवर मशीन चालवू नका.' खाली फोन नंबर, बस्स. पहिलं पत्र बाईंनी शिपायाला वाचायला दिलं. तो म्हणाला, "मशीन बंद करायचंय." मग बाकीची पाकिटं चिकटवली. आठवड्याभरात फोन खणखणू लागला. कारागिरांना चार व्हॉल्व्ह अडकण्याच्या बेतात सापडले.

त्या चाळीस स्थळप्रती माझ्याच फाईलीत, माझ्या अंगावर येऊन बसल्या. आखूड, धडधाकट पोरी. त्यांच्या बहिणींनी चार घरं वाचवली होती. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे लपवून काय उपयोग?

एक पत्र मात्र राहिलं होतं, वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर. बाईंनी त्याचाही मसुदा केला, एकाच ओळीचा. 'चूक आमची आहे, तुमची नाही.' साहेबांनी तो कंपनीच्या वकिलांना दाखवला. वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे वाक्य कागदावर येता कामा नये. कागद बोलतो, बाई. आपण आधी कळवलं होतं ना? त्याचा पुरावा काय?"

काकांनी फाईल उघडून मला पुढे केलं. जन्मल्यापासून पहिल्यांदाच मला एवढी किंमत आली. तारीख, जावक क्रमांक, तिसरा परिच्छेद, सगळं जागच्या जागी. वकिलांनी तिसऱ्या परिच्छेदाच्या शेजारी बारीक खूण केली आणि समाधानाने म्हणाले, "झालं तर मग." मला त्या क्षणी वाळवी लागली असती तरी चाललं असतं.

वहिनींना उत्तर गेलं ते असं. 'आपले पत्र पावले. संदर्भीय पत्रान्वये सदर बाब आपणास पूर्वीच अवगत करण्यात आली होती. सोबत प्रत जोडली आहे.' सोबतची प्रत म्हणजे माझी झेरॉक्स. कंपनीने नवं मशीनही फुकट बसवून दिलं. साहेब वाईट माणूस नव्हते. पण वहिनींनी विचारलं होतं एक आणि त्यांना मिळालं भलतंच.

ते उत्तर बाईंनीच टाइप केलं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते, धाकट्या भावाचं शिक्षण अर्ध्यावर होतं, नोकरीवर लाथ मारणं त्यांना जमणारं नव्हतं. हे मी सांगतेय. त्या स्वतः हे कारण कधी कुणाला सांगत नसत.

वहिनींचं पुन्हा पत्र आलं नाही.

पुढे वर्षं गेली. काका निवृत्त झाले. टाइपरायटर गेले, त्यांच्या जागी संगणक आले, कार्बन पेपरची शेवटची पेटी कपाटाच्या तळाशी सुकून गेली. विभागात नव्या मुली आल्या. बाई त्यांना शिकवायला बसल्या की आधी माझी फाईल काढायच्या आणि वहिनींचं वहीचं पान त्यांच्यापुढे ठेवायच्या. "पत्र असं लिहायचं. कोण वाचणार आहे ते माहीत नसेल तर आधी ते विचारून या. आणि लिहून झालं की स्वतःला विचारा, हे वाचून त्या माणसाने उद्या सकाळी उठून काय करायचंय?" मुली माना डोलवायच्या. मग बाई मला पुढे करायच्या. "आणि हे असं लिहायचं नाही." मुली हसायच्या. बाई हसत नसत.

कधी कधी खोलीत कुणी नसताना त्या कोरा कागद घ्यायच्या आणि वर वहिनींचा पत्ता लिहायच्या. मग खिडकीतून धक्क्यावरचे ट्रक बघत बसायच्या आणि कागद चुरगळून टाकायच्या. पहिल्या वर्षी लिहिलं असतं तर उत्तर झालं असतं. पाचव्या वर्षी ते उशिराचं उत्तर झालं असतं. नवव्या वर्षी काय झालं असतं, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. आज लिहू, उद्या लिहू करत शरमेवर शरम साठत गेली.

मी कपाटात पडल्या पडल्या बहिणीचा विचार करायची. तिच्यावर ऊन येत असेल. इस्त्रीचा गरम वास येत असेल. ओळखीची गिऱ्हाइकं मान वर करून तिच्याकडे बघत असतील. आणि फडक्याने तिची काच पुसणारा हात तोच असेल, दोन बोटं न वळणारा. त्या हाताखाली तिला कसं वाटत असेल? मी काळोखात होते, तरी तिचंच मला वाईट वाटायचं. एकदा तिच्याशेजारी पडून राहावं, काही बोलू नये, एवढंच वाटायचं.

चौदा वर्षं झाली. जुन्या फाईली नष्ट करायची यादी निघाली, तिच्यात आमची होती. त्याच महिन्यात बाईंची निवृत्ती होती. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी फाईल उघडली, दोरीची गाठ सोडली आणि मला व वहिनींच्या पानाला बाहेर काढून पर्समध्ये ठेवलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कचेरीतली टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. बाकीच्या चाळीस पोरी गोणीत गेल्या. त्यांचं काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आम्ही त्या लाँड्रीच्या दारात उभ्या होतो. दुकान लहान, पण नीटनेटकं. डाव्या हाताला घड्या केलेल्या चादरींची चळत, उजवीकडे दांडीवर लटकणारे शर्ट, प्रत्येकाच्या कॉलरला नंबराची चिंधी टाचलेली. आत एक माणूस मशीनवर काम करत होता. काउंटरमागे चष्मा लावलेल्या वहिनी.

"कपडे द्यायचेत का न्यायचेत?" त्यांनी विचारलं.

"कपडे नाहीत. मी उत्तर घेऊन आलेय," बाई म्हणाल्या, आणि पर्समधून आम्हाला काढून त्यांनी वहीचं पान काउंटरवर ठेवलं. मी हातातच राहिले.

वहिनींनी स्वतःचं अक्षर ओळखलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "तुम्ही त्या कंपनीतल्या?"

"हो. मला तुमच्या मालकांना भेटायचं होतं."

"यांना जाऊन दोन वर्षं झाली."

बाईंनी काउंटरची कड धरली. वहिनींनी आतून स्टूल आणून दिलं. "बसा. हाताचं काही नव्हतं ते. वय झालं होतं, गेले. पण शेवटपर्यंत एकच म्हणायचे, मी पूर्ण वाचायला हवं होतं. मग सगळंच वाचायला लागले. औषधाच्या बाटलीवरचं, साबणाच्या खोक्यावरचं. अक्षरांखाली बोट फिरवत, ओळ न् ओळ."

"वहिनी, चूक त्यांची नव्हती," बाई म्हणाल्या. "ते वाक्य मी लिहिलं होतं. ते कुणालाच कळलं नसतं. चूक माझी होती."

चौदा वर्षं अडलेलं बोलणं चार श्वासांत संपलं. वहिनी हातातल्या टॉवेलची घडी घालत होत्या. घडी घालून झाल्यावर त्यांनी ती मोडली आणि पुन्हा घातली.

मी तोवर बाईंच्या हातातून भिंती धुंडाळत होते. काउंटरच्या वर एक फ्रेम होती. लाकडी, काठाला बारीक नक्षी. आत दोन वेण्या घातलेल्या एका मुलीचा फोटो. बाईंची नजरही तिथेच गेली होती.

"रंग दिला तेव्हा तुमचं पत्र उतरवलं," वहिनी म्हणाल्या. "फ्रेम चांगली होती, नातीचा फोटो बसवला. कागद असेल मागेच, नाहीतर गेला असेल रद्दीत. आठवत नाही आता."

मग त्या जरा थांबल्या. "एक विचारू? त्यात वरती कौतुक लिहिलं होतं, ते तरी खरं होतं का? हे फार खूश झाले होते हो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायचे."

'हो' म्हणणं किती सोपं होतं.

"एक्केचाळीस जणांना तेच लिहिलं होतं, वहिनी."

"म्हणजे आमच्याबद्दल काहीच नव्हतं त्यात."

"नाव आणि पत्ता होता."

मशीनने आत एकदा फुस्स केलं. वहिनींनी टॉवेल बाजूला ठेवला. त्या चिडल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. पण त्यांनी काउंटरवरचं पेन उचललं आणि बाईंपुढे धरलं.

"मग आता लिहा. लिहिणं तुमचं कामच आहे ना? यांना लिहा."

बाईंनी मला उलटं केलं. माझी पाठ कोरी होती. टाइपाच्या ठोक्यांनी तिच्यावर बारीक फुगवटे आले होते, तेवढेच. पेन टेकवण्याआधी बाई थांबल्या. "ते कसे होते, वहिनी? मला सांगा."

वहिनी सांगत गेल्या. बटणांचा एक डबा होता त्यांच्याकडे. तुटक्या बटणाचा शर्ट त्यांनी कधी तसाच परत दिला नाही. डब्यातलं जुळणारं बटण शोधून लावून द्यायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचेही नाहीत. हात भाजल्यावर डाव्या हाताने सुई धरायला शिकले, दोन महिने लागले. कुणाच्या खिशात चिठ्ठी राहिली असली तर ती वाचायचे नाहीत. पाकिटात घालून शर्टाला टाचून द्यायचे. "दुसऱ्याचं पत्र वाचू नये म्हणायचे. आणि स्वतःचं आलं, ते हे."

बाईंनी लिहिलं. कागद पातळ, म्हणून हात हलका ठेवून लिहिलं. 'चूक आमची होती, तुमची नव्हती. तुम्हाला कळेल असं आम्ही लिहिलं नाही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा उत्तरही दिलं नाही. लोकांच्या शर्टांना तुम्ही न सांगता बटणं लावून द्यायचात, हे आज वहिनींकडून कळलं. तुमचं कौतुक लिहिलं तेव्हा हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर हेच लिहिलं असतं.' खाली साहेबांच्या वतीने वगैरे काही नाही. स्वतःचं पूर्ण नाव.

वहिनींनी मला जवळ घेतलं आणि अक्षरांखाली बोट फिरवत वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मला आजवर पुरावा म्हणून पाहिलं होतं, चुकीचा नमुना म्हणून पाहिलं होतं. पत्र म्हणून कुणी वाचलं नव्हतं. ते बोट माझ्या पाठीवरून सावकाश चाललं होतं, आणि ते संपू नये असं मला वाटत होतं.

"बरं लिहिलंत," वहिनी म्हणाल्या. "कळलं."

बाई उठायला लागल्या तशा त्या म्हणाल्या, "थांबा. काउंटरवर कुणी काही ठेवून गेलं की पावती द्यायची, ही यांची शिस्त." त्यांनी पावतीपुस्तक ओढलं आणि रकाने भरायला घेतले. वस्तू, 'पत्र'. नग, 'एक'. पुढचा रकाना होता परत न्यायच्या तारखेचा. तिथे पेन थांबलं. मग वहिनींनी त्या रकान्यावर आडवी रेघ मारली, पावती फाडली आणि बाईंच्या हातात दिली.

बाईंनी ती घडी न घालता पर्समध्ये ठेवली. मग त्या पायऱ्या उतरून गेल्या.

मी आता काउंटरच्या खणात राहते. खण उघडला की समोर त्या मुलीचा फोटो दिसतो. त्याच्यामागे माझी बहीण आहे की नाही, मला ठाऊक नाही, आणि मला ते कळायचा काही मार्गही नाही. मी बघत राहते, खण बंद होतो. आठवड्यातून एकदा, गिऱ्हाईक नसताना, वहिनी मला बाहेर काढतात आणि वाचतात. आता त्या मोठ्याने वाचतात. आत मशीनवरच्या माणसाला वाटतं, त्या त्याला काही सांगताहेत. तो मान वर करतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्याला नसतं ऐकवायचं ते.

तुमच्याकडे कुणाचं उत्तर द्यायचं राहिलं असेल, तर माझं एवढं ऐका. सुबक वाक्य सुचायची वाट बघू नका. जे सांगायचं ते पहिल्या ओळीत लिहा आणि आजच्या टपालात टाका. मला दोन बस बदलून इथे यायला तासभर लागला. निघायला चौदा वर्षं लागली, आणि ज्याला उत्तर हवं होतं तो माणूस बाराव्या वर्षापर्यंतच थांबू शकला.